मास्तरांची पांढरी भिंत

"भिंतीला खिळा मारायचा नाही. बाकी घरात काय हवं ते करा."

अशोकनगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने देताना घरमालकांनी घातलेली ही एकुलती एक अट. पाहुणे किती येणार, मांसाहार करता का, रात्री किती वाजता येता, कशाबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं, "मग काका, कॅलेंडर कुठं लावू?"

"तारीख मोबाइलमध्ये असते."

"आणि देवाचा फोटो?"

"देवाला टेबलावर ठेव. त्याची तक्रार नसते. तुझीच आहे."

मी तोंडाची फटकळ. या तोंडापायी माहेरी दोन स्थळं आल्यापावली परत गेली होती, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. मनात म्हटलं, या माणसाशी आपलं एक तर छान जमेल, नाहीतर महिन्याभरात बिऱ्हाड हलवावं लागेल. बिऱ्हाड काही हललं नाही, आम्ही सहा वर्षं राहिलो. जमलं असं मात्र म्हणवत नाही. रोज काही ना काही वाजायचंच, आणि ज्या दिवशी वाजायचं नाही त्या दिवशी काकू जिन्यातून हाक मारायच्या, "बरं वाटत नाही का गं?"

मी त्यांना काका म्हणायची, पण सातपूरमध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एका मोठ्या कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये ते शेड पास करायचे. म्हणजे रंग मारलेला माल समोर आला की बघायचं आणि सांगायचं, रंग ठरल्याप्रमाणे उतरलाय की नाही. ते हो म्हणाले की माल गाडीत चढायचा, नाही म्हणाले की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकाकडून रंगाची एक नमुना पट्टी आलेली असते. ती मालाशेजारी धरून बाकीचे लोक रंग जुळवतात. काकांनी ती पट्टी उभ्या आयुष्यात हातात घेतली नाही. म्हणायचे, "ज्याला आठवत नाही त्याला नमुना लागतो. मला आठवतं."

आणि खरंच आठवायचं हो. माझी एक साडी बघून ते एकदा म्हणाले होते, "हिचं ब्लाउज दुसऱ्या ताग्यातलं आहे." दुकानदाराने मला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की एकाच ताग्यातलं आहे. मी तणतणत दुकानात गेले, तेव्हा तो हसून म्हणाला, "बाई, तुमच्या घरात कोण आहे?"

त्यांच्या खिशात कायम एक छोटी बॅटरी असायची. कुणाच्याही घरी गेले की बॅटरी भिंतीला चिकटवून धरायची आणि तिरका उजेड पाडून बघायचं. "समोरून उजेड टाकला की सगळ्याच भिंती सुंदर दिसतात. तिरका टाका, म्हणजे रंगाऱ्याने कुठं पाट्या टाकल्यात ते कळतं." एका वास्तुशांतीला मी त्यांच्यासोबत गेले होते. गुरुजी होमात तूप सोडताहेत, यजमान घामाघूम, आणि काका वाकून भिंतीवर बॅटरी फिरवताहेत. शेवटी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "रंगाखाली भरलेली लांबी नीट घासलेली नाही. पैसे परत मागा." यजमानीणबाईंचं तोंड असं झालं, की मी प्रसाद न घेताच बाहेर पडले. पुढे त्या घरातून आम्हाला कधी आमंत्रण आलं नाही. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. भिंत वाईट होती, त्यांनी सांगितलं, विषय संपला.

पांढऱ्या रंगाबद्दल तर विचारूच नका. त्यांच्या लेखी पांढरा हा सगळ्यात अवघड रंग. एक पांढरा रडका, एक उद्धट, एक दवाखान्यातला. दूध नुसतं बघून दूधवाल्याला सांगायचे, आज पाणी जास्त आहे. द्राक्षंसुद्धा चव न बघता घ्यायचे. मण्यात साखर उतरली की हिरव्यावर किंचित पिवळी झाक येते, ती त्यांना गाडीवरच्या ढिगात लांबून दिसायची. माझा नवरा निफाडकडचा, द्राक्षबागाईतदाराचा मुलगा. तोसुद्धा कबूल करायचा, "मास्तरांचा घड कधी आंबट निघाला नाय."

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी निघाला. फेब्रुवारीत काकांनी एक पेटी आणली आणि अर्धी वर पाठवली. मी एक मणी तोंडात टाकला आणि दात आंबले. नवऱ्याने तीन-चार मणी खाल्ले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गोड हाय." खाली काकूंनीही खाल्ली असणार; काका स्वतः द्राक्षाला तोंड लावत नसत. कुणी काही बोललं नाही. साधी द्राक्षं ती, त्यात बोलायचं काय, असं मलाही वाटलं.

निवृत्तीनंतर काका घरी बसले नाहीत. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतच एक लहान वर्कशॉप आहे, विजेच्या पॅनलची दारं रंगवून देणारं. तिथं ते मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी स्कूटरवरून जायचे, माल बघायचे आणि पास झालेल्या दारावर खडूने मोठ्ठं 'ओके' लिहायचे. माझ्या नवऱ्याला तिथं रंगारी म्हणून त्यांनीच लावलं होतं. आधीचा कारखाना बंद पडून तो चार महिने घरी होता. काकांनी एक दिवस त्याला स्कूटरवर मागे बसवलं, शेठसमोर उभं केलं आणि म्हणाले, "याचा हात चांगला आहे." एवढ्यावर नोकरी. तेव्हापासून काकांनी सांगायचं, याने रंग मिसळायचा. माझ्या नवऱ्यासाठी काका म्हणजे देवाच्या खालोखाल, आणि कधीकधी देवाच्याही वर.

आता प्रोजेक्टरचं सांगते.

माझ्या भावाने नवीन घेतला म्हणून जुना मला दिला. मी वरच्या हॉलमध्ये दहावीच्या मुलींची विज्ञानाची शिकवणी घ्यायची. म्हटलं, हृदयाचे कप्पे, डोळ्याची रचना, सगळं मोठ्ठं दाखवता येईल, आणि रविवारी आपल्याला सिनेमा. एकच अडचण होती. पडदा टांगायचा तर दोन खिळे हवेत.

मी खाली जाऊन तोंड उघडायच्या आतच काका म्हणाले, "नाही."

"काका, दोनच."

"पडदा म्हणजे शेवटी काय? पांढरी सपाट जागा. मी भिंतच तशी करून देतो. कंपनीच्या पडद्याच्या तोंडात मारेल अशी."

मला वाटलं दोन दिवसांचं काम असेल. ते अकरा दिवस चाललं. सगळं सामान स्वयंपाकघरात, शिकवणी जिन्यात, आणि मी पलंगावर चढून गॅसपर्यंत पोचायची. काकांनी जुना रंग खरवडला, लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, बॅटरी तिरकी धरून बघितली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. असं चार वेळा. डाळीत, पिठात, माझ्या केसांत, सगळीकडे पांढरी भुकटी. मी कडाडले की ते शांतपणे म्हणायचे, "चकाकी असलेला रंग मारला असता तर दोन दिवसांत झालं असतं. मग चित्राच्या मधोमध दिवा चमकत बसला असता. चालेल?" मी म्हणायची, "चालेल!" ते म्हणायचे, "मला नाही चालणार."

शेवटचा हात मारायचा होता त्या दिवशी त्यांनी दार आतून लावून घेतलं. बिनचकाकीचा पांढरा त्यांना स्वतः मिसळायचा होता. पांढरा जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात निळ्याचे दोन-चार थेंब टाकतात, कपड्यांना आपण नीळ घालतो तसे. मी फटीतून बघितलं. काका बादलीवर वाकून बसले होते आणि ट्यूबमधून निळा पिळत होते. ढवळायचे, काठीवरचा रंग उजेडात धरायचे, मान हलवायचे, पुन्हा पिळायचे. स्वतःशीच पुटपुटत होते, "पिवळेपणा जात का नाहीये?"

कडेने काळी चौकट आखून भिंत तयार झाली. तिला हात लावायचा नाही, तेलकट डोकं टेकायचं नाही, समोर उदबत्ती लावायची नाही, अशा सूचना झाल्या. रविवारी संध्याकाळी उद्घाटन ठरलं. काकू बेसनाचे लाडू घेऊन वर आल्या. पडदे ओढले, आणि काकांच्या फर्मानावरून आमच्या लग्नाचा व्हिडिओ लागला.

चित्र एवढं स्वच्छ आलं की मी क्षणभर अकरा दिवस विसरले. एक रेघ वाकडी नाही, एक उंचवटा नाही. मग हळदीचा प्रसंग आला. माझे गाल हिरवे, नवऱ्याचं कपाळ हिरवं, आजेसासूच्या हातातल्या वाटीत शेवाळ कालवल्यासारखं काहीतरी. नऊवारीतल्या माझ्या जावा आजारातून उठल्यासारख्या दिसत होत्या. प्रोजेक्टर बिघडला का म्हणून मी बटणं दाबायला हात पुढे केला.

"हात नको लावू!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "बघ की, हळद कशी खुलली आहे. पडद्यावर आली असती अशी?"

मी तोंड उघडलं आणि अंधारात काकूंनी माझं मनगट पकडलं. असं घट्ट, की बांगडी रुतली. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खाली बघून लाडू खात होता. "झकास हाय, मास्तर," तो म्हणाला. पुढचा पाऊण तास आम्ही सगळे तो हिरवा लग्नसोहळा बघत बसलो.

सोमवारी सकाळी उजेडात मी भिंतीवर कोरा कागद चिकटवून बघितला. भिंत पांढरी नव्हतीच. चक्क निळसर होती.

मला आई आठवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर घरी येऊन तिने स्वयंपाकघराचा ओटा बघितला आणि म्हणाली होती, "अगंबाई, फरशी एवढी पांढरी आहे? मी तर वर्षभर पिवळी पिवळी म्हणून घासतेय." आणि प्रश्न काकांच्या एका भिंतीचा नव्हता.

त्याआधीच्या पंधरवड्यात वर्कशॉपचा एक लॉट परत आला होता. गिऱ्हाइकाने कळवलं होतं, दारं निळसर आहेत. शेठचा विश्वास असा की मास्तरांचा डोळा चुकणं शक्यच नाही. म्हणजे चूक मिसळणाऱ्याची. काकांनीही तेच धरलं. जिन्यात उभं राहून माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, "मी पास केल्यावर तू मागे दारांवर आणखी एक हात मारून ढवळाढवळ केलीस. खरं सांग." हा मान खाली घालून उभा. मी वरून ओरडले, "यांनी का करावी ढवळाढवळ?" तर नवऱ्याने मलाच गप्प केलं. म्हणाला, "माझाच हात चुकला असंल."

भिंतीनंतर चार दिवसांनी दुसरा लॉटही परत आला. तोही निळसर. शेठने याला बोलावून स्पष्ट सांगितलं, "येत्या गुरुवारचा लॉट बिघडला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस."

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. द्राक्षं, हळद, भिंत, आईचा डोळा. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मास्तरांच्या डोळ्याबद्दल या घरात बोलायचं नाय."

"अहो, नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. त्यांनीच दिली व्हती."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग काकूंना गाठलं. त्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे ना?"

त्यांनी टॉवेल झटकला. "दोन दिवाळ्या झाल्या."

"मग डॉक्टरकडे का नेत नाही?"

"नाव काढलं की जेवण सोडतात. एकदा तीन दिवस सोडलं होतं." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "त्यांना भीती वाटते गं. म्हणतात, आतलं भिंग काढून दुसरं बसवलं की आजवर लक्षात राहिलेले सगळे रंग पुसले जातील. मग मी कोण, असं विचारतात. मी काय सांगू यावर? मी कपडे हाताशी काढून ठेवते, भाजी निवडायला देत नाही. चाललंय." मग माझा हात धरून म्हणाल्या, "बोलू नकोस. तुझ्या पाया पडते."

घ्या! एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला ही माउली. सोमवार, मंगळवार, बुधवार मी गप्प राहिले. माझ्यासाठी तीन दिवस गप्प राहणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. भाजी करपली, मुलींवर उगाच खेकसले. मंगळवारी काका वर्कशॉपमध्ये जाऊन आले आणि जिन्यातच नवऱ्याला म्हणाले, "गुरुवारच्या रंगात निळा थोडा वाढव. पिवळा मारतोय." नवरा म्हणाला, "बरं, मास्तर." माझ्या डोळ्यांतून संतापाने पाणी आलं. स्वतःच्या हाताने स्वतःची नोकरी बुडवायला निघालेला माणूस, आणि वर बरं म्हणतोय! मला त्या दोघांचाही राग आला, आणि दोघांचीही कणव आली.

गुरुवारी नवरा सातलाच गेला. साडेनऊला मी खिडकीतून बघितलं, काका स्कूटर पुसत होते. तिसरा लॉट पास करायला निघाले होते. समोरून येणारी गाडी त्यांना किती दिसते, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला आणि मला राहवलं नाही. मी खिडकीतून ओरडले, "काका, भिंतीवर डाग पडलाय!"

साफ खोटं. पण दुसऱ्या कशाला ते वर आले नसते. धापा टाकत आले, बॅटरी काढली आणि भिंत न्याहाळू लागले. "कुठं आहे? कुणी पाडला?"

"काका, बसा."

"डाग कुठं आहे?"

"डाग नाही. भिंत निळी आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरात चोरी करताना सापडले आहे. "काय म्हणालीस?"

"निळी आहे. हळद हिरवी दिसली ती त्यामुळे. वर्कशॉपची दारंही निळीच गेली. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून तुम्हाला सगळं पिवळं दिसतंय आणि तुम्ही निळा वाढवताय. आज तिसरा लॉट तसाच गेला तर माझ्या नवऱ्याची नोकरी जाणार."

बोलून टाकलं. काका शांतपणे म्हणाले, "महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा." आणि दाराकडे वळले.

दारात काकू उभ्या होत्या. हातात एक पत्र्याचा डबा. माझी हाक ऐकूनच त्यांनी ओळखलं असणार. मला वाटलं आता माझी खैर नाही. त्यांनी डबा उघडून टेबलावर पालथा केला. बोटाएवढ्या नऊ पत्र्याच्या पट्ट्या खळकन पडल्या. नंतर कळलं, नव्या रंगाऱ्याची परीक्षा काका या पट्ट्यांवरच घेत. पहिली शुद्ध पांढरी, मग प्रत्येकीत निळ्याची झाक कणभर जास्त. क्रमाने लावायच्या. बरोबर की चूक ते पाठीमागच्या आकड्यांवरून कळतं. ज्याला जमत नाही, त्याला घरी पाठवायचं.

काकू म्हणाल्या, "लावा."

"तू पण?"

"लावा म्हणते ना!" एवढ्या वर्षांत त्या बाईंचा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढाच.

काका खिडकीपाशी बसले. पट्ट्या उचलून डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, तिरक्या केल्या. लावायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत, एवढी खात्री होती. मग स्वतःच एकेक पालथी केली. दोन, पाच, एक, सात, तीन. पुढचं त्यांनी बघितलंच नाही. सगळ्या गोळा करून पुन्हा लावल्या. या वेळी फार सावकाश. घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावरून टेबलावर पडला. पुन्हा पालथ्या केल्या. पुन्हा चूक.

"पट्ट्यांचे रंग उडालेत," ते म्हणाले.

काकूंनी पट्ट्या स्वतःकडे ओढल्या, मिसळल्या आणि उभ्या उभ्याच लावून टाकल्या. पालथ्या करायचं काम मात्र काकांवर सोडलं. काकांनी केल्या. एक, दोन, तीन, चार, थेट नऊपर्यंत.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. शेठ होते. पलीकडचं मला ऐकू आलं, "मास्तर, निघालात का? गाडी भरायची थांबली आहे." काका फोन कानाला लावून पट्ट्यांकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं, आता हा माणूस म्हणेल, फोनवरच पास समजा. म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं?

"येतो," ते म्हणाले. मग स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "रिक्षा बघ. तूही चल."

वर्कशॉपमध्ये रंगवलेली दारं ओळीने उभी होती. शेठ चहा मागवायला लागले. काका म्हणाले, "चहा नको. नमुना पट्टी आणा."

शेठ बघतच राहिले. "तुम्हाला कशाला नमुना?" मग शोधाशोध सुरू झाली. टेबलाचे खण उघडले, कपाट उघडलं. माझा नवरा एका कोपऱ्यात उभा होता. तो पुढे आला आणि त्याने आपल्या शर्टाच्या आतल्या खिशातून पट्टी काढली. कडा झिजलेल्या, घामाने मळलेल्या.

काकांनी पट्टीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "कधीपासून आहे तुझ्याकडे?"

"हाय बऱ्याच दिवसांची."

"जुळवून बघत होतास?"

"व्हय."

"म्हणजे निळं आहे हे तुला माहीत होतं."

मी नवऱ्याकडे बघत राहिले. रोज घरी येऊन 'माझाच हात चुकला' म्हणणारा हा माणूस! रंग निळा होतोय हे त्याला मिसळतानाच दिसत होतं, आणि तरी सांगितलं तसा मिसळून बोलणी खात होता.

काकांनी खडू त्याच्या हातात दिला. "बघ आणि लिही."

"मास्तर, तुम्ही..."

"मला दिसत नाही. तू लिही."

पहिल्या दारावर त्याने 'नापास' लिहिलं. मग दुसऱ्यावर. काका शेठकडे वळून म्हणाले, "आधीचे दोन लॉट मी बिघडवले. हा मी सांगेन तेवढाच निळा टाकत होता. याला शिक्षा करायची असेल तर माझं ऐकल्याबद्दल करा." शेठ गडबडून म्हणाले, "मास्तर, असं कसं बोलता, वयोमानाने होतंच." काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "होतं ना? मग मी इथून पुढे येणार नाही. शेड हा बघेल." माझ्या नवऱ्याची नोकरी राहिली, वर मास्तरांची जागा मिळाली. आनंदाची गोष्ट खरी, पण तो दाराआड जाऊन रडत होता.

पुढचं सगळं ठीक झालं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्यांवरची पट्टी सुटताच काका डॉक्टरांशी भांडले की तुमचं भिंग निळं आहे. आठवड्याने वर येऊन त्यांनी भिंत बघितली, "शी!" म्हणाले आणि त्याच दिवशी खरवडायला घेतली. या वेळी मी सामान स्वतःहून हलवलं. आता ते दोघं मुलीकडे पुण्याला असतात. आम्हीही दुसरं घर घेतलं. पण काकांचं नाव निघालं की मला भिंत आठवत नाही. मला आठवतो तो गुरुवारचा परतीचा रस्ता.

रिक्षात मी आपली बडबडत होते, माझ्या आईचं ऑपरेशन कसं वीस मिनिटांत झालं, दुसऱ्या दिवशी तिने पोळ्या कशा लाटल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. घरासमोर उतरलो. काकू फाटकाशीच उभ्या होत्या, किती वेळच्या कोण जाणे. काका त्यांच्यापुढं थांबले आणि अंगातला शर्ट चिमटीत धरून म्हणाले, "हा कोणत्या रंगाचा आहे?"

"फिकट निळा."

"मी पांढरा म्हणून घातलाय."

"माहीत आहे."

काका पायरीवर बसले. मी काकांना असं मधेच, चपला न काढता बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता ते मला ओरडतील, खोल्या रिकाम्या करायला पुन्हा सांगतील. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

"लोक मला घाबरतात, हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "ते मला सांभाळून घेतात, हे कुणी कळू दिलं नाही."

मला रडूच आलं. ती आंबट द्राक्षं गोड म्हणून खाणारा नवरा, तो व्हिडिओ मुकाट्याने बघणारी मी, आम्ही सगळ्यांनी मिळून या माणसाला त्याच्याच घरात एकटं पाडलं होतं. आणि आम्हाला वाटत होतं, आपण चांगुलपणा करतोय.

काकू त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"मी दोन्ही करत आले," काकू म्हणाल्या. "घाबरलेही आणि सांभाळलंही. चला आता, हातपाय धुवा. पानं घेतलीत."